चाळीस फुटांची रेघ

"मोजे काढ," तो म्हणाला. तमिळमध्ये.

मी पांढरे सुती हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. टेबलाच्या काचेखाली दिवा चालू होता.

"कैयै काट्टु." हात दाखव.

मी हात पुढे केले. शाळेत सोमवारी नखं तपासायचे तसे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि सात वर्षं त्या टेबलावर काम करत होते. खोलीत आमच्या सेक्शनच्या मुख्य सरोजा अम्मा होत्या, फिल्म लॅबचा मॅनेजर होता, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी होत्या. सगळे बघत होते.

त्याने खिशातून पेन्सिल काढली. माझ्या हाताला हात लावला नाही. पेन्सिलीच्या टोकाने एकेक बोट उचललं, बाजूला केलं, खाली ठेवलं. भाजीवाल्याकडे किडकी वांगी बाजूला करतात तसं. मग पेन्सिलीनेच खूण केली, उलटे कर. मी तळहात वर केले.

मॅनेजरला तो इंग्रजीत म्हणाला, "रफ हँड्स."

मग माझ्याकडे वाकला. आवाज खाली आणला. आणि मराठीत म्हणाला, "कातडें सोलणाऱ्यांच्या हातांत निगेटिव्ह दिली कीं असेंच होणार."

खोलीत मराठी कळणारे दोघंच होतो. तो आणि मी. म्हणूनच मराठीत म्हणाला. हातांची तपासणी सगळ्यांसाठी होती, शिवी एकट्या माझ्यासाठी.

 मोजे उचलले. ते परत घालू की नको, हेही मला कळत नव्हतं.

मी त्याला इथे 'तो' म्हणणार आहे. तेव्हा 'सार' म्हणायचे, तमिळमधलं 'सर'. नावाजलेला कॅमेरामन होता. मैलापूरचा. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला. वडील मोठ्या हुद्द्यावर, बहीण संगीत सभांमधून गाणारी, असं सगळे सांगायचे.

माझं सांगते. आम्ही ढोर. कातडं कमावणारे. माझे आजोबा कोल्हापूरकडून मद्रासला टॅनरीत कामाला आले ते इथेच राहिले. बाबाही त्याच कामात. क्रोमपेटला. चुन्याच्या हौदात भिजलेलं कातडं काढायचं, लाकडी ओंडक्यावर टाकायचं, दोन मुठींच्या सुरीने त्याचं मांस खरवडायचं. चुन्याने बाबांची नखं खाल्ली होती. जेवताना ते डावा हात मांडीखाली ठेवायचे, पाहुणे असले की. आई कागलची. सातवी शिकलेली. माहेरून आणलेल्या शाळेच्या पुस्तकांवरून तिने मला मराठी वाचायला-लिहायला शिकवलं, मी तमिळ शाळेत जात असताना. म्हणून हे मराठीत लिहू शकते.

बारावीनंतर आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी मला सरोजा अम्मांकडे नेलं. अम्मांनी मला एक तास नुसतं स्टुलावर बसवलं. हलले नाही. म्हणाल्या, उद्यापासून ये.

निगेटिव्ह कापणं हे काम आता संपल्यातच जमा आहे, म्हणून थोडं सांगायला हवं. कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह. ती एकच असते. ती जपून ठेवतात आणि तिच्यावरून एक साधी प्रिंट काढतात, तिला रश म्हणायचं. एडिटर ती रश कापतो, जोडतो, परत उसवतो, परत जोडतो. आवाज वेगळ्या रिळावर असतो, तो तिच्याबरोबर चालवून बघतात. रशवर ओरखडे पडतात, तेलाचे डाग पडतात, कुणी पर्वा करत नाही. ती वापरून टाकायचीच असते. पण सगळं ठरलं की शेवटी खरी निगेटिव्ह तेवढीच, तिथेच, त्याच चौकटीवर कुणीतरी कापावी लागते. ते आम्ही करायचो. निगेटिव्हच्या कडेला बारीक नंबर असतात. तेच नंबर रशच्या कडेलाही उमटतात. नंबर जुळवायचा आणि कात्री लावायची. चुकलं तर दुसरी निगेटिव्ह नाही. पडद्यावर नट जे रडले-हसले ते आमच्या दोन बोटांत असायचं.

केसात फुलं घालून आत यायचं नाही, पाकळीचा कण पडतो. तोंडाला पावडर लावायची नाही. बांगड्या नाहीत. दारातल्या खिळ्याला आमचे गजरे लटकलेले असायचे, घरी जाताना जिचा तिने ओळखून घ्यायचा. सात वर्षांत माझ्या हातून एक चौकट चुकली नव्हती. हे मी फुशारकीने सांगत नाही. चुकली असती तर मी तिथे राहिलेच नसते.

हा माणूस पहिल्यांदा मला भेटला तो फार गोड होता.

मी नंबर मोजताना मराठीत पुटपुटते. सवय आहे. तो एका जोडाची चौकशी करायला आला होता, माझ्या मागे उभा राहिला. "अय्यो, मराठी बोलतां तुम्ही?" मी दचकले. तो खूश होता. अगदी लहान मुलासारखा. त्याची मराठी वेगळीच, जुन्या पोथीतल्यासारखी, तमिळ हेल असलेली. मला आवडली. घराबाहेर मद्रासमध्ये माझ्याशी कुणी मराठीत बोललं नव्हतं.

त्यानंतर तीन-चार वेळा आला. काम नसतानाही. "एकदां घरीं या. आमच्या आईस फार बरें वाटेल. तिला मराठी बोलायास कोणी मिळत नाहीं." मी घरी आईला सांगितलं. आईने विचारलं, कोणती साडी नेसणार?

मग एक दिवस त्याने विचारलं, "तुम्ही मूळचे कोठचे?"

"कोल्हापूरकडचे."

"वडील काय करितात?"

"टॅनरीत आहेत. क्रोमपेटला."

"मॅनेजर?"

"नाही. कातडं खरवडतात."

त्याने मान हलवली. घड्याळ बघितलं. "बरें," म्हणाला आणि गेला.

पुढच्या वेळी आला तेव्हा माझ्याशी तमिळमध्ये बोलला. आणि 'नींग' नाही, 'नी'. मराठीतलं 'तुम्ही' होतं ते तमिळमधलं 'तू' झालं. मैलापूरच्या आईचा विषय पुन्हा निघाला नाही. आईने दोन-तीनदा विचारलं, कधी जायचं म्हणाले होते? मी म्हटलं, ते कामात आहेत.

तेव्हापासून गोड आवाजात कुणी "तुम्ही कुठले" विचारलं की माझ्या पाठीला मुंग्या येतात. आजही.

आता ती रेघ.

पिक्चर पूर्ण झालं. पहिली प्रिंट निघाली, प्रोड्यूसरला दाखवली. शेवटाकडे, तिसऱ्या भागात, नायिकेचा एक शॉट होता. न तोडता घेतलेला. नवरा मेल्याचं तिला कळतं, आणि ती काहीच बोलत नाही, चूल विझवते, भांडं उतरवते, हात पुसते, आणि मग चेहरा मोडतो. चाळीस फूट फिल्म. सत्तावीस सेकंद. मी तो शॉट फक्त निगेटिव्हमध्ये बघितला होता, जिथे दात काळे दिसतात आणि केस पांढरे. तरी कात्री लावताना थांबले होते. बाईने काम तसं केलं होतं.

पडद्यावर त्या शॉटभर तिच्या गालावरून एक काळी रेघ. वरपासून खालपर्यंत. सरळ. पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत. निगेटिव्हच्या एवढ्याशा चौकटीत ती भिंगाशिवाय दिसत नाही. सेट मोडला होता, नायिका दुसऱ्या पिक्चरला गेली होती. पुन्हा घेणं शक्य नव्हतं.

प्रोड्यूसर ओरडला. कुणाची चूक? दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर आणि तो आमच्या खोलीत आले. आणि त्याने मला मोजे काढायला लावले.

त्या दिवशी मॅनेजर मला म्हणाला, टेबलावर बसू नकोस. फिल्मचे रिकामे डबे पूस. मी डबे पुसले. शेजारच्या दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुपारी डबा खाताना एक जण थोडी सरकून बसली. मला वाटलं, हिला कळलं असेल का तो काय म्हणाला? कळायची शक्यता नव्हती. पण मला वाटायला लागलं की सगळ्यांना कळलं आहे. सगळे कधीपासून ओळखून आहेत. सरोजा अम्मांनीच मला पुढे केलं असेल. त्या मान खाली घालून नंबर मोजत होत्या. सात वर्षांत त्यांनी माझ्या कामावर कधी बोट ठेवलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्यांनी एक शब्द काढला नाही. गप्प माणसाइतका मला तेव्हा कुणाचाच संशय आला नाही.

सर्वांत वाईट म्हणजे मला माझाही आला.

घरी आले. पिशवीत टाकाऊ फिल्मचा तुकडा होता, सगळ्या जणींच्या असतो, पोरांना खेळायला. खिडकीत बसले. नखाने ओढून बघितलं. बोटाच्या कडेने घासून बघितलं. अंगठ्यावर जुना कापल्याचा वण आहे, तो घासून बघितला. उजेडात धरून बघितलं. नखाने ओरखडा उठतो. पण वाकडा उठतो. चाळीस फूट सोडा, चार बोटंसुद्धा सरळ ओढता येईना.

बाबा दारात बसून बघत होते. "काय चाललंय?"

मी सगळं सांगितलं. ते मराठीतलं वाक्यही. तेवढं सांगताना मी भिंतीकडे बघितलं.

बाबांनी माझ्या हातातला तुकडा घेऊन उजेडात धरला. मग म्हणाले, "ती तुमची फिल्म कशाची असती?"

"प्लास्टिकवर जिलेटीनचा थर असतो. त्या थरावर चित्र उमटतं."

"आणि जिलेटीन?"

लॅबच्या केमिस्टने मला एकदा सांगितलं होतं. "गुरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात."

बाबा हसले. दात नसलेलं हसू. "म्हंजे आमचंच की गं."

हे मी त्याला पुढे कधी सांगितलं नाही. त्याला शहाणं करायचं काम माझं नव्हतं.

बाबा उठून आत गेले. जाताना म्हणाले, "सुरी हातात धरणाऱ्याला कळतंय घाव कुणाचा हाय ते. तू बघितलास का नीट? का नुसती रडत बसलीस?"

मी नीट बघितलं नव्हतं. खरंच. मला कुणी बघू दिलं नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोडंबाक्कम स्टेशनाच्या जिन्यावर मुरुगेशन भेटला. हा एडिटरचा असिस्टंट. पस्तिशीचा, दोन पोरींचा बाप, कधी कुणाच्या भानगडीत न पडणारा. माझ्याबरोबर पायऱ्या उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिसऱ्या भागाची रश बघितलीस का?"

"का?"

"बघ. मी सांगितलं म्हणू नको."

आणि पुढे निघून गेला.

हा मला का सांगतोय, हाच माझा पहिला विचार. मला फसवायचं असेल. मी रश काढायला गेले की म्हणतील, पुरावा बिघडवायला आली. अर्धा दिवस मी डबे पुसत हाच विचार केला. मग जेवणाच्या सुट्टीत एडिटिंगच्या खोलीकडे गेले. एडिटर बाहेर होता. मुरुगेशनने मला बघितलं, डबा शेल्फवरून काढून टेबलावर ठेवला, आणि चहाला निघून गेला. दार उघडंच ठेवलं.

मी रीळ हाताने फिरवलं. नंबर मला पाठ होते. शॉट आला. भिंग लावलं.

रेघ होती. त्याच गालावर. त्याच जागी.

रशवर ओरखडे असतातच, म्हणून तर कुणी लक्ष दिलं नव्हतं. पण ओरखडा असेल तर नखाला लागतो. मी मोज्याबाहेर बोट काढलं आणि त्या रेघेवरून नख आडवं नेलं. एकदा. दोनदा. शेजारच्या खऱ्या ओरखड्यावर नेलं, तिथे अडकलं. रेघेवर नाही. गुळगुळीत. ती रेघ रशवर पडलेली नव्हती, छापली गेली होती. चित्रासारखी. म्हणजे रश छापली तेव्हाच ती निगेटिव्हवर होती. आणि रश छापली तेव्हा ती निगेटिव्ह माझ्या टेबलावर यायला अजून पाच महिने होते.

मी रीळ मागे-पुढे केलं. त्या कॅमेऱ्यातून त्या वेळी निघालेल्या प्रत्येक तुकड्यावर, त्याच अंतरावर, तीच रेघ, गडद चित्रांमध्ये लपलेली. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या तुकड्यांवर नाही. कॅमेऱ्यात फिल्म सरकते त्या खिडकीशी कसलातरी कण अडकून फिल्म खरवडत होता. तो पुसायचं काम कॅमेरावाल्यांचं.

एवढ्यावर माझं काम झालं होतं. पण शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटाला, चित्राच्या बाहेर कडेला, लाल मेणाच्या पेन्सिलीने केलेली खूण होती. फुली. ही कुणी केली? फुली म्हणजे कुणीतरी बघितलं होतं. पाच महिन्यांपूर्वी.

 कुणाला तरी माहीत होतं. किती जणांना? मुरुगेशनला. एडिटरला. आणि?

मी डबा बंद केला आणि बाहेर आले. मुरुगेशन पायरीवर चहा पीत होता. मी विचारलं, "फुली तुझी?"

त्याने कप खाली ठेवला. "त्यांना दाखवली होती."

"कुणाला?"

तो उठून आत गेला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर, सरोजा अम्मा, प्रोड्यूसरचा एक माणूस, आणि तो. टेबलावर एक टाइप केलेला कागद. इंग्रजीत. मॅनेजर सौम्यपणे म्हणाला, "सही कर मा. कुणी तुला काही करणार नाही. प्रकरण मिटेल."

माझं इंग्रजी सावकाश चालतं. मी उभ्याने वाचलं. कुणीतरी म्हणालं, वाचायचं काय त्यात. मी वाचत राहिले. माझ्या निष्काळजीपणामुळे निगेटिव्हला इजा झाली, मला खेद आहे, असं होतं. खाली माझं नाव. स्पेलिंग चुकीचं.

"तिसऱ्या भागाची रश मागवा," मी म्हणाले.

"कशाला?"

"मागवा. मग सही बघू."

मॅनेजरने त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. प्रोड्यूसरचा माणूस कंटाळून म्हणाला, मागवा हो.

मुरुगेशन डबा घेऊन आला. डब्यावर एक वही होती. लॉगबुक. ती मी मागितली नव्हती.

मी रीळ काढलं, शॉट टेबलावर पसरला, मॅनेजरच्या हाती भिंग दिलं. "रेघ दिसते?"

"दिसते."

"नख फिरवा."

त्याने फिरवलं. परत फिरवलं. तो मूळचा लॅबचाच माणूस, त्याला समजावायची गरज पडली नाही. त्याचा चेहराच बदलला.

"ही रश कधी छापली?" मी विचारलं.

मुरुगेशनने वही उघडून समोर ठेवली. बोट ठेवलं.  ओळ त्याच्याच अक्षरात होती: रेघ आहे. कॅमेरामनना दाखवली. फक्त प्रिंटवरची आहे, चालू दे म्हणाले. आणि त्याच्यापुढे सही. कॅमेरामनची.

त्याला माहीत होतं. मोजे काढायला सांगितले तेव्हा माहीत होतं. पेन्सिलीने माझी बोटं उलटीपालटी केली तेव्हा माहीत होतं. रेघ कुणाची ते शोधायला तो आलाच नव्हता. कुणावर ढकलायची ते शोधायला आला होता, आणि माझ्या बापाचा धंदा त्याला ठाऊक होता. मीच सांगितला होता.



तो हसला. खुर्ची पुढे ओढली. माझ्याकडे वळला. आणि कितीतरी महिन्यांनी गोड मराठीत बोलला. हळू. प्रेमाने. 'तुम्ही' म्हणून.

"हें बघा. आपण एका भाषेचीं माणसें. तुम्ही सही करा, पुढें मी तुमचें बघेन. तुमच्या जातीच्यांस असल्या जागीं कोण उभें करतो? इतकें मिळालें तें पुष्कळ समजा. आणि गप्प बसा. यांस कांहीं कळावयाचें नाहीं."

मला आधी वाटलं मी रडणार. मग वाटलं नाही.

मी मॅनेजरकडे वळले आणि तमिळमध्ये, मोठ्याने, शब्द मोजून बोलले. "सार आत्ता मराठीत बोलले. मी सांगते काय म्हणाले." आणि सांगितलं. तुमच्या जातीच्यांना असल्या जागी कोण उभं करतं, हे सांगितलं. इतकं मिळालं ते पुष्कळ, हे सांगितलं. गप्प बसा, यांना काही कळणार नाही, हेही सांगितलं. 'यांना' म्हणजे तुम्हाला, असंही सांगितलं.

"आणि परवा माझे हात बघताना मराठीत म्हणाले, कातडं सोलणाऱ्यांच्या हातात निगेटिव्ह दिली की असंच होणार. माझे वडील क्रोमपेटला कातडं खरवडतात. आम्ही ढोर आहोत. मी सात वर्षं तुमची निगेटिव्ह कापते."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांसमोर बोलले.  आणि पूर्ण बोलले.

तो तमिळमध्ये म्हणाला, "मी असं काही बोललो नाही."

"मग काय बोललात ते तमिळमध्ये सांगा."

त्याने खिशातली पेन्सिल चाचपली.

"आत्ता दोन मिनिटं बोललात. तेवढंच तमिळमध्ये बोला. मी थांबते."

प्रोड्यूसरचा माणूस त्याच्याकडे बघत होता. मॅनेजर कागदाकडे बघत होता. तो उठला, गॉगल उचलला आणि निघून गेला. दारात मुरुगेशन उभा होता, तो बाजूला झाला नाही. याला अंग चोरून जावं लागलं.

सरोजा अम्मा पहिल्यांदाच बोलल्या. "त्या दिवशीच का नाही सांगितलंस गं?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत?"

त्यांचे डोळे भरले. मला दया आली नाही. आज थोडी येते. तेव्हा नाही आली.

मी सही केली नाही. प्रत्येक डब्यात आम्ही कामाचा एक कागद घालायचो, कोणी कापलं, किती जोड, काय दोष. मी त्याच दिवशी तिसऱ्या भागाच्या निगेटिव्हच्या डब्यात कागद घातला. तमिळमध्ये लिहिलं: ही रेघ कॅमेऱ्यातली. रशवर आधीपासून. कटिंगशी संबंध नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. ती निगेटिव्ह कुठेतरी असेल तर तो कागदही असेल. नसेलही. कुणी काढून फेकला असेल. मी खात्री देत नाही. मी कशाचीच देत नाही आता.

कुणी माफी मागितली नाही. आठवड्याभराने मॅनेजर म्हणाला, आता कॉम्प्युटरवर एडिटिंग येतंय, माणसं कमी करतोय. मी एकटीच कमी झाले. मुरुगेशन राहिला, पण त्याला दुसऱ्या युनिटला पाठवलं. तो माणूस पुढेही पिक्चर करत राहिला.

पिक्चर लागलं तेव्हा मी टी. नगरजवळच्या एका थिएटरात जाऊन बघितलं. तो शॉट कापून टाकला होता. नवरा मेल्याची बातमी येते आणि लगेच पुढचं दृश्य. चेहरा मोडतो ते कुणी बघितलंच नाही. बाजूचे लोक पॉपकॉर्न खात होते. त्या नायिकेला कुणी काय सांगितलं असेल? तिचं काम कमी पडलं, असं?

त्यानंतर मी सालिग्रामममध्ये एका छोट्या जागी लागले. निगेटिव्हचं काम वर्षागणिक आटत गेलं. मग जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर घेण्याआधी साफ करायच्या, फाटलेलं जोडायचं, हे काम आलं. तेच करते.

पहिल्याच दिवशी मी मालकाला सांगितलं, डबा माझ्या टेबलावर येईल तेव्हा तो आणणाऱ्यासमोर उघडायचा. कुठे काय ओरखडा, कुठे काय डाग, ते आधी लिहायचं. आणणाऱ्याने खाली सही करायची. मग मी हात लावीन. मालक हसला. "बाई फार संशयी आहात." आहे, म्हटलं.

लोक चिडतात. मोठमोठ्यांची माणसं येतात, म्हणतात, आमच्या सारांचा शब्द आहे ना. मध्ये एक जण आला. एका नामांकित कॅमेरामनचा असिस्टंट. म्हणाला, "सार म्हणाले सही-बिही नको. त्यांना अपमान वाटतो."

"मग डबा परत न्या," मी म्हटलं.

त्याने नेला नाही, तसाच सोडून गेला. दोन दिवस डबा दाराशी होता. मालकाने दोनदा येऊन सांगितलं, उघड गं, मोठा माणूस आहे. मी उघडला नाही. बाकीची कामं केली. तिसऱ्या दिवशी असिस्टंट परत आला. दिव्याशी उभा राहिला, भिंग घेतलं, माझ्याबरोबर एकेक रेघ मोजली आणि सही केली. जाताना त्याने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी कागद डब्यात घातला, झाकण लावलं आणि सगळं सांगितलं. कोल्हापूर, क्रोमपेट, टॅनरी, जात. तो चुळबुळला. चुळबुळू दे. मोठा असो, लहान असो, माझ्या भाषेत गोड बोलणारा असो. आधी उजेडात सगळं दाखवायचं, लिहायचं, सही करायची. त्याशिवाय इथून पुढे मी कुणाच्याही कामाला कात्री लावणार नाही.